पोतनीस सरांचा निम्मा वाटा

सर, तुम्ही गेलात आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजला सुट्टी मिळाली. कुणाशीही वाईट न होता सगळ्यांना खूश करण्याची ही तुमची शेवटची खेप. मुलं सायकली काढून पिक्चरला गेली. प्राध्यापक मंडळी तुमच्याबरोबर क्षिप्रेपर्यंत आली आणि लाकडं रचून होईपर्यंत बाजूला उभी राहून बदल्यांच्या यादीवर बोलत राहिली. मी तुमच्या घरी काकूंजवळ बसले होते, त्यामुळे हे मला नंतर कळलं. मी रडले नाही. रागात असले की मला रडू येत नाही, आणि तुमच्यावर मी गेली कित्येक वर्षं रागातच आहे. तुम्ही मेलात म्हणून तो राग कुठं जाणार?

आता ज्याला त्याला मला तुमच्याविषयी सांगायचं असतं. स्टाफरूममध्ये, फ्रीगंजच्या भाजीवाल्यापाशी, बँकेत. ‘सर म्हणजे देवमाणूस हो.’ मी म्हणते, उज्जैनमध्ये देवांची कमी आहे का, की त्यात यांची भर घालता? लोकांना वाटतं मी दुःखात काहीतरी बोलते आहे. दुःख आहेच. पण त्याच्याआधी तिरस्कार आहे, आणि तो तुम्हाला तोंडावर सांगायचा राहून गेला असंही नाही. तोंडावर सांगितलाय. तुम्ही हसून म्हणायचात, ‘सुनंदा, तू गुस्से में असलीस ना की तुझी मराठी एकदम शुद्ध होते.’

आपली मराठी दोघांचीही इथलीच. तुमचे पूर्वज कुठल्याशा सरदाराचा खजिना सांभाळत माळव्यात आले, माझे बाबा भुसावळहून रेल्वेत फिटर म्हणून आले. तुमच्याकडे भिंतीवर तलवार होती, आमच्याकडे बाबासाहेबांचा फोटो. मी तुमची विद्यार्थिनी, पुढे तुमच्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले, आणि तुम्ही प्राचार्य झाल्यावर एका रविवारी आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये जेवायला आलात. आईनं वांग्याची भाजी केली होती. चांगलं जेवलात, आईला ‘वहिनी, और एक भाकरी’ म्हणालात. मला खरंच बरं वाटलं होतं. पण मग ती भाजी तुम्ही आयुष्यभर पुरवलीत. स्वातंत्र्यदिनाचं भाषण असो, स्नेहसंमेलन असो, तुमचं गाडं फिरून आमच्या स्वयंपाकघरात यायचंच. ‘मैं तो सुनंदा मॅडम के घर खाना खा चुका हूँ.’ टाळ्या पडायच्या. आम्ही तुमच्याकडे इतक्या वेळा जेवलो, सर, माझ्या बाबांनी त्याचं भाषण कधी केलं नाही.

तुम्ही मला शिकवलेलं रसायनशास्त्र मी केव्हाच विसरले. सरकारी कागद वाचायला शिकवलंत, ते मात्र रोज कामाला येतं. फ्रीगंजमधल्या त्या टपरीवर पोहे-जलेबी खाताना तुमचा वर्ग भरायचा. ‘हे बघ, कागदात “यथासंभव” दिसलं की समजायचं, करायचं नाहीये. “शीघ्र” दिसलं की पुढच्या साली. और “अनिवार्य” दिसलं ना, तर तो कागद पहिले ड्रॉवरमध्ये टाकायचा, नाही तर कोणीतरी खरंच अमल करून बसेल.’ पोहे माझ्या नाकात गेले होते. इतक्या बुद्धीचा माणूस, सर, आणि ती सगळी बुद्धी कशासाठी वापरलीत, तर कुठल्या दारातून न दिसता बाहेर पडता येईल हे शोधायला.

दर जुलैला आपल्या स्टाफ कौन्सिलमध्ये प्रभार वाटले जायचे, म्हणजे कोणी कुठलं काम वर्षभर सांभाळायचं ते. परीक्षा, युवा उत्सव, खेळ यांच्यासाठी लोक एकमेकांच्या उरावर बसायचे. आणि अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांचं जे काही असेल, शिष्यवृत्ती, वसतिगृह, तक्रारी, रडारड, ते माझ्याकडे न विचारता यायचं. ‘ये तो सुनंदा मॅडम का विषय है.’ माझा विषय शेवाळ आणि नेचे होता. फिजिक्सच्या प्रयोगशाळेत एखाद्या पोराला आडनाव विचारून शेवटच्या टेबलावर पाठवलं, तर ते फिजिक्सच्या विभागप्रमुखाचं काम नव्हतं. ते माझं काम. त्यानं पाठवायचं, मी पोराचे डोळे पुसायचे, आणि वर्षाच्या शेवटी त्यानं मला म्हणायचं, ‘मॅडम, आप कितना करती हैं!’

म्हणून मी एकदा भर कौन्सिलमध्ये उभी राहिले. म्हटलं, हे एकट्या माणसाचं काम नाही. ज्याच्या विभागात होतं त्यानं उत्तर द्यावं, प्रत्येक प्रमुखानं, आणि सगळ्यांच्या वर प्राचार्यांनी. लोक छताकडे बघत बसले. एकटे तुम्ही टेबलावर हात मारलात. ‘बिलकुल सही! याला साझा नेतृत्व म्हणतात.’ तुम्ही नुकतेच भोपाळहून कसलंसं प्रशिक्षण करून आला होतात, तिथं एका तज्ज्ञानं पारदर्शिकांवर गोल काढून त्यांना बाण जोडून दाखवले होते. त्याच आठवड्यात समान अवसर समिती निघाली. अध्यक्ष तुम्ही, सहअध्यक्ष मी. ‘सुनंदा, जबाबदारी आधी-आधी. निम्मा वाटा माझा, निम्मा तुझा.’ विभागप्रमुखांना त्यातून तुम्ही अलगद वगळलंत. ‘त्यांना क्यूं तकलीफ?’

आणि तुमचा निम्मा वाटा कसा होता? बैठकीला तुम्ही सगळ्यांच्या आधी हजर. स्वागत, प्रस्तावना, आमच्या घरची वांग्याची भाजी. चहा आला की तुम्हाला फोन यायचा. ‘मॅडम बैठी हैं, मेरा ही समझिए’ म्हणून तुम्ही उठायचात. पाठमोरे तुम्ही मला इतक्या वेळा दिसला आहात, की गर्दीतसुद्धा मागून ओळखलं असतं. मग मी, समोर तीन-चार चिडलेले प्रमुख, आणि कपात निवत चाललेला तुमचा चहा.

तरी मी ते चालवलं. मुलं येत होती, कामं होत होती, तुम्ही आड येत नव्हता. आपल्याकडे आड न येणाऱ्या माणसालाही पुण्यवान म्हणतात.

मग कॉम्प्युटर आले. शहरात तेव्हा सगळंच नवीन येत होतं. गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे डबे, गच्च्यांवर केबलच्या तारा, फ्रीगंजमध्ये दर चौथ्या दुकानावर ‘कंप्यूटर सीखें’. सरकारनं हात आखडते घेतले आणि कॉलेजांना सांगितलं, तुमचं तुम्ही बघा, गावातल्या लोकांना बरोबर घ्या. म्हणून जनभागीदारी समिती आली आणि जनता म्हणून आपल्याकडे फ्रीगंजच्या साड्यांच्या शोरूमचे सेठजी अध्यक्ष होऊन आले. जनतेचा इतका घेर मी पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी कॉम्प्युटरची खोली बांधली, त्यात एसी, गालिचा, काचेचा दरवाजा. उद्घाटनाला राम घाटावरून पंडितजी बोलावले. त्यांनी मॉनिटरला कुंकू लावलं, एका मशीनच्या पंख्यात अक्षता गेल्या आणि ते कायमचं बंद पडलं. तुम्ही त्या मशीनपुढेही हात जोडलेत.

कॉम्प्युटरच्या नव्या कोर्सची फी जनभागीदारी समिती घेणार आणि ती आधी घेणार. शिष्यवृत्तीच्या मुलांची फी सरकारकडून मागाहून यायची. सेठजी म्हणाले, ‘जब आएगी तब बैठेंगे.’ राखीव जागा या कोर्सलाही लागू आहेत असा शासनाचा कागद होता. त्यात ‘अनिवार्य’ होतं. तुम्ही तो ड्रॉवरमध्ये टाकला होतात, मी तो काढून टेबलावर ठेवला. तुम्ही माझ्याकडे इतक्या दुखावल्या नजरेनं पाहिलंत, जणू मी तुमच्या खिशातच हात घातला होता.

मग तुम्ही तोडगा काढलात. तो तुमचाच होता, सर, सेठजींचा नव्हता. लोक आता तो सेठजींच्या नावावर घालताहेत, म्हणून मी इथं बजावून सांगते. मुलांना प्रवेश द्यायचा, हजेरी लावायची, फळ्यावरचं सगळं शिकवायचं. फक्त फी येईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. सरावासाठी त्यांना पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून द्यायचा. बाकीची मुलं आत एसीत मशीनवर, ही मुलं बाहेर व्हरांड्यात पुठ्ठ्यावर. ‘बोटांना तर सवय होईल ना? कागदाचंही पालन, सेठजींचाही मान. मध्यम मार्ग.’ तुम्ही मला, बौद्ध घरातल्या मुलीला, मध्यम मार्ग शिकवत होतात. माझ्या आईनं त्या शब्दापायी धर्म बदलला होता, आणि तुम्ही त्यातून पुठ्ठे कापलेत.

वर्षभर ते चाललं. मंजू आठवते? भैरवगढ़ची. वडील कापड रंगवण्याच्या कारखान्यात कामाला, ती घरची पहिली कॉलेजात आलेली. पोरगी हुशार, अघळपघळ बोलणारी, कुणाला न घाबरणारी. तुम्ही एकदा राऊंडला आलात, व्हरांड्यात ती पुठ्ठ्यावर बोटं आपटत होती. तुम्ही कौतुकानं वाकून म्हणालात, ‘शाब्बास, बेटा, प्रॅक्टिस जारी रखो.’ ती म्हणाली, ‘सर, एक बात पूछूँ? गलत दबाया तो पता कैसे चलेगा?’

तुम्ही हसलात. माझ्याकडे वळून म्हणालात, ‘मॅडम, इनको समझाइए.’ आणि निघालात.

त्या संध्याकाळी मी तुमच्या केबिनमध्ये येऊन जे बोलले ते शिपायानं सगळ्या स्टाफला तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं म्हणे. मी म्हटलं, लबाडी करायची तर धडधडीत लबाडी करा. ‘येऊ नका’ असं सांगा, पोरं दुसरीकडे जातील. हे आत घेऊन बाहेर बसवणं कसलं? तुम्ही पेपरवेट फिरवत राहिलात. म्हणालात, ‘तू इतकी जहाल नको होऊस. मी आत आहे म्हणून इतकं तरी होतंय.’ हे तुमचं आवडतं वाक्य. मी आत आहे म्हणून. जसं काही आत असणं हेच एक काम आहे आणि त्याचा पगार लोकांनी कृतज्ञतेनं द्यायचा.

पुढच्या जुलैला मी ठरवलं होतं, आणि तुम्हाला सांगूनही ठेवलं होतं. प्रवेशाची यादी एकच लागेल, गुणांप्रमाणे आणि राखीव जागांप्रमाणे, आणि त्याच यादीच्या क्रमानं सगळी मुलं मशीनवर बसतील. फी ज्याची जेव्हा येईल तेव्हा. तुम्ही मान हलवलीत. ‘ठीक है, दोघं मिळून लावू. मी बसतो ना सेठजींसमोर.’ मी घरी जाऊन आईला सांगितलं, सर तयार झाले. तिनं गोड केलं त्या दिवशी. तुमच्या त्या एका वाक्यावर, सर.

यादीच्या दिवशी सकाळी कॉलेजात आले तर तुमच्या टेबलावर काच आणि पेपरवेट. हेडक्लार्क म्हणाला, ‘सर तो पुणे गए हैं, बेटी के पास, अचानक.’ आपल्या समितीत तुम्हीच केलेला नियम होता, अध्यक्ष नसले तर सहअध्यक्षाच्या सहीनं काम चालेल. मी सही केली. शिपाई यादी लावायला तयार होईना, सेठजींनी त्याला दम दिलेला. मी डिंकाची बाटली घेऊन स्वतः बोर्डाशी गेले. सेठजी मागून आले आणि मुलांसमोर, मुलांच्या आईबापांसमोर मला जे बोलले, ते मी इथं लिहिणार नाही. तुम्हाला कोणीतरी सांगितलंच असेल. माझ्या जातीपासून सुरू झाले आणि माझ्या लग्न न होण्यापर्यंत आले. आसपास निम्मा स्टाफ उभा होता. सगळे आपापल्या चपला बघत होते. माझे हात डिंकानं चिकट झाले होते आणि ते कुठं पुसावेत हे मला सुचत नव्हतं, एवढंच मला त्यातलं स्पष्ट आठवतं.

यादी मात्र राहिली. कारण तो ‘अनिवार्य’वाला कागद मी यादीच्या बाजूलाच चिकटवला होता, आणि तो वाचायला तुम्हीच शिकवलं होतंत. मंजू त्या जुलैपासून मशीनवर बसली. पहिल्याच दिवशी तिनं चुकीचं बटण दाबलं, मशीन ओरडलं, आणि ती खदाखदा हसली.

तुम्ही आठवड्यानं उगवलात. सेठजींच्या पुढ्यात म्हणालात, ‘मी नव्हतो. निर्णय मॅडमचा आहे.’ खरंच होतं ते. दिवाळीआधी माझी बदली झाली, पार झाबुआकडच्या एका कॉलेजात, जिथं वनस्पतिशास्त्र हा विषयच नव्हता. बाबा तोवर गेले होते, आई एकटी राहिली. तुम्ही निरोप समारंभ मात्र झकास केलात. शाल दिलीत. वांग्याची भाजी पुन्हा वाढलीत.

तिथं तुम्ही एकदा मला भेटायला आलात, दिवसभराचा बसचा प्रवास करून, उज्जैनची शेव आणि आईनं दिलेलं लोणचं घेऊन. हे मी विसरलेले नाही. बाकी एकही माणूस आला नाही, पत्रही नाही. बसस्टँडच्या बाकावर आपण बसलो. तुम्ही थकलेले दिसत होता. म्हणालात, ‘मला माहीत होतं तू यादी लावशील. म्हणून तर मी निश्चिंत होतो. बघ ना, काम तर झालं ना? दोघांनी मिळूनच केलं ते.’ मी विचारलं, तुम्ही त्यात काय केलंत? तुम्ही म्हणालात, ‘दोघंही बाहेर फेकले गेलो असतो, तर आत कोण उरलं असतं? यादी फाडली असती त्यांनी दुसऱ्या दिवशी. मी राहिलो म्हणून टिकली.’

सर, यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं आणि म्हणून मला तुमचा जास्तच संताप आला. कारण ते पुरतं खोटंही नव्हतं. यादी कुणी फाडली नाही हे खरं. पुढच्या वर्षीही तशीच लागली हेही खरं. म्हणजे तुम्ही आत राहून काहीतरी केलंत, कुणाच्या तरी कानात काहीतरी बोललात, तुमच्या त्या मऊ, बुळबुळीत पद्धतीनं. मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात तुमची बस आली आणि तुम्ही चढलात.

उत्तर मला खूप नंतर सुचलं. आत कोणीतरी राहायला हवं, मान्य. पण दर वेळी आत तुम्हीच आणि बाहेर मीच, हे कोणी ठरवलं? कधी चिठ्ठ्या टाकल्या होत्या का आपण? मी हे तुम्हाला सांगायला येणार होते. मी बदली होऊन परत आले तेव्हा तुम्ही निवृत्त झाला होतात, मग तुमचं आजारपण सुरू झालं. दर शनिवारी मी यायचे. तुम्ही दम लागेपर्यंत राजकारणावर बोलायचात, काकू ओरडायच्या, आणि माझं उत्तर घेऊन मी तशीच परत जायचे. धापा टाकणाऱ्या माणसाशी वाद घालण्यात काय मजा? तुम्ही बरे व्हाल याची मी वाट बघत होते. माझी इतकी चांगली भांडणाची तयारी वाया घालवून गेलात, याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्याइतकं ऐकून घेणारा दुसरा माणूस मला या गावात मिळणार नाही. ऐकून घेऊन काहीच करणार नाही, असा तर नाहीच नाही.

काल कॉलेजात तुमची शोकसभा झाली. तुमचा फोटो त्याच कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर, व्हरांड्यात ठेवला होता. सेठजी बोलले. रुमालानं डोळे टिपत बोलले. ‘पोतनीस साहब ने गरीब बच्चों के लिए कंप्यूटर के दरवाज़े खोल दिए. मैं तो विरोध में था, उन्होंने मेरी आँखें खोलीं.’ सर, त्या माणसाला माझा चेहरासुद्धा आठवत नव्हता. मी दुसऱ्या रांगेत, त्याच्या नाकासमोर बसले होते. मग नव्या प्राचार्यांनी जाहीर केलं, खोलीला तुमचं नाव देणार. समान अवसर समितीही नव्यानं सुरू करणार, ‘पोतनीस साहब की परंपरा में’. तिचा प्रभार यंदाच नोकरीला लागलेल्या एका भिलाला आदिवासी मुलीकडे, इतिहास शिकवते ती. तिला विचारलं नव्हतं. तिचा चेहरा मी पाहिला. प्राचार्य तिला म्हणाले, ‘हम सब आपके साथ हैं.’

आणि मग मला बोलायला बोलावलं. तुमची सर्वांत जवळची सहकारी म्हणून.

काकू पहिल्या रांगेत होत्या. मी माइकसमोर उभी राहिले आणि म्हटलं, ‘ज्या दिवशी ती यादी लागली, त्या दिवशी सर इथे नव्हते. ते पुण्याला होते. यादी मी लावली. आणि ही समिती कुणा एकीच्या गळ्यात घालणार असाल तर ती नकोच. प्राचार्यांनी स्वतः चालवावी, आणि एकेका विभागाच्या प्रमुखानं एकेक वर्ष तिच्यात बसावं, तक्रार ज्याची त्यानं ऐकावी.’ हिंदीतही सांगितलं, कुणाचा गैरसमज नको म्हणून. खाली दोघं-तिघं विभागप्रमुख चष्मे पुसायला लागले. मला वाटलं, चला, एकदाचं लागलं कुठंतरी. तेवढ्यात सूत्रसंचालकानं माइक हातात घेतला, गळा भरून म्हणाला, ‘देखिए, यही थी सर की महानता! काम करवाया, और श्रेय के समय स्वयं हट गए!’ आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत. सेठजींनी सर्वांत जोरात.

मी तुम्हाला तिथल्या तिथे इतक्या शिव्या घातल्या, सर, मनातल्या मनात, की तुमच्या फोटोवरचा हार हलला असता.

काकूंना घरी सोडायला गेले. जिना चढताना त्यांनी माझा हात धरला होता. वर आल्यावर पाणी दिलं, समोर बसल्या आणि म्हणाल्या, ‘सुनंदा, तू ते पुण्याचं बोललीस ना. हे पुण्याला गेलेच नव्हते गं.’

मी हातातला पेला खाली ठेवला.

‘रिझर्वेशन होतं. स्टेशनवर गेले अन रातोरात वापस आले. मला म्हणाले, कोणाला सांगू नको. सकाळी लवकर उठले, आंघोळ केली, सफारी घातली. म्हणाले, जातो कॉलेजात, ती एकटी आहे. मी डबा पण भरला. जिन्यापर्यंत गेले, परत आले. पंखा लावून बसले. फिर उठले, फिर दारापर्यंत. असं दिवसभर चाललं. दुपारी मला म्हणाले, लावली असेल तिनं यादी. मी म्हटलं, मग जा ना, आत्ता तरी जा, उभे राहा तिच्या बाजूला. तर म्हणाले, आता कोणत्या तोंडानं जाऊ? आठवडाभर घराच्या बाहेर नाही पडले. कोणी आलं की आतल्या खोलीत. अन तू सेठजींचं बोलणं ऐकलंस ते त्यांना कळलं ना, त्या रात्री जेवले नाही.’

मी उठून गॅलरीत गेले. तुमच्या गॅलरीतून कॉलेजचं फाटक दिसतं, हे मी इतकी वर्षं शनिवारी येऊनही कधी पाहिलं नव्हतं. मधे फक्त एक गल्ली आणि एक पानाचं दुकान. तिथून तुम्हाला सेठजींची गाडी आत जाताना दिसली असेल, मुलांची गर्दी दिसली असेल. बोर्ड दिसत नाही तिथून, पण आवाज येत असणार. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले आणि मला इतक्या दिवसांनी रडू आलं. काकूंना वाटलं, टाळ्यांमुळे.

तुम्ही पुण्याला होता, तोपर्यंत तुमचा तिरस्कार करणं सोपं होतं. पुणे लांब आहे. तुम्ही इथं होतात, कपडे करून, डबा घेऊन, एका गल्लीच्या अंतरावर, आणि मी तिथं हात कुठं पुसू ते शोधत होते. तुम्ही सेठजींना एक शब्दही बोलला नसता तरी चाललं असतं. सही माझीच राहिली असती, बदली माझीच झाली असती, सगळं तसंच. नुसतं येऊन माझ्या शेजारी उभं राहायचं होतं.

यायचं होतं, सर.